आधी कागदावर, मग लाकडावर : बग्गीच्या आराखड्यातून एक धडा

विद्यार्थी मित्रहो, पालक बंधू-भगिनींनो आणि आदरणीय विश्वस्त मंडळी,



मागील पालक सभेत एक सूचना आली होती. नववी आणि दहावीची वर्षे महत्त्वाची, तेव्हा या वर्गांचा चित्रकलेचा तास काढून तो गणिताला द्यावा, अशी ती सूचना होती. मांडणाऱ्या पालकांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. आपल्या सीमाभागातील मुलांना तीन-तीन भाषा सांभाळून दहावी गाठावी लागते. एकेका गुणाची किंमत आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून त्या दिवशी आम्ही "विचार करून कळवतो" एवढेच म्हणालो. तो विचार येथे मांडत आहोत.

विषय वाचून काहींना नवल वाटेल. राजेरजवाड्यांच्या आणि श्रीमंतांच्या घोड्याच्या बग्ग्या आणि त्या बनवण्यापूर्वी काढलेले त्यांचे आराखडे, असा आजचा विषय आहे. तो सुचला आठवीच्या वर्गात. चित्रकलेच्या शिक्षकांनी व्हिक्टोरिया बग्गीचे एक चित्र मोठे करून फळ्याशेजारी लावले होते. काळी चकचकीत बग्गी, बाजूने काढलेली, चाकाचा एकेक आरा मोजता यावा इतकी स्पष्ट. एका मुलीने विचारले, "सर, ह्यात घोडा कुठाय? आणि एकच बाजू का काढलीय?" वर्ग हसला. आम्ही दाराशी उभे होतो, आम्हाला हसू आले नाही. प्रश्न दोन्ही चांगले होते. त्या तासात त्यांची उत्तरे पुरी झाली नाहीत, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत.

बग्गी आणि आपला भाग

आमच्या लहानपणी गुलबर्गा स्टेशनबाहेर टांगे रांगेने उभे असत. त्या शहराचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले. टांगा दोन चाकांचा, एका घोड्याचा, भाड्याचा. बग्गी म्हटली की चार चाके, मऊ गाद्या, लोखंडी कमानी, म्हणजे स्प्रिंगा आणि समोर उंच आसनावर बसलेला गाडीवान डोळ्यांपुढे येतो. जुन्या मराठी लेखनात व्हिक्टोरिया, फेटन, शिग्राम, सारवट अशी गाड्यांची नावे भेटतात. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांना (१८७४ ते १९२२) घोड्यांची आणि गाड्यांची मोठी आवड होती. त्यांच्याकडे तरुण घोड्यांना गाडीची सवय लावण्यासाठीचा साधा 'खडखडा'ही असे आणि त्यातून ते स्वतः फिरत.

आपला बिदर आणि गुलबर्गा हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत निजामाच्या आणि अमीर-उमरावांच्या बग्ग्या धावत. आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात जुन्या बग्ग्या आणि मोटारी पाहायला मिळतात. सहलीला गेलात तर चाकांपाशी थोडे जास्त थांबा. का, ते पुढे येईलच.

दोन प्रकारची चित्रे

महागडी बग्गी तयार करून दुकानात ठेवलेली नसे. ती मागणीप्रमाणे बनत असे. गिऱ्हाईक कारखान्यात येई, तेव्हा त्याच्यापुढे रंगीत चित्रांचा गठ्ठा ठेवला जाई. ही चित्रे बहुधा बाजूने काढलेली, जलरंगात रंगवलेली असत. रोगणाची चमक दिसावी म्हणून रंगावर डिंकाचा हात फिरवत. दाराचा रंग, गादीचा रंग, चाकावरच्या बारीक रेघा, घराण्याचे चिन्ह, सगळे कागदावर दिसे. गिऱ्हाईक म्हणे, "हा पट्टा लाल करा, ही पायरी थोडी खाली घ्या." कागदावर बदल करायला काही आणे लागत, तयार बग्गीत तोच बदल करायला महिना जाई. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ब्रूस्टर या बग्गी कारखान्याची अशी शेकडो रेखाटने जपून ठेवली आहेत. त्यांतल्या बहुतेक गाड्या आज कुठेही नाहीत, पण त्या कशा होत्या हे अजून पाहता येते.

दुसरे चित्र कारागिरासाठी. ते रंगीत नसे, सुंदरही नसे. त्यात मापे असत. पहिल्यांदा लहान प्रमाणावर, बहुधा एका फुटाला एक इंच, म्हणजे १ : १२ या प्रमाणात ते काढत. नंतर तोच आराखडा खऱ्या आकारात कारखान्याच्या भिंतीवरच्या मोठ्या काळ्या फळ्यावर खडूने काढला जाई. मित्रहो, नीट लक्षात घ्या, तुमच्या वर्गात आहे तसाच फळा आणि तसाच खडू. त्या रेषांवरून पातळ लाकडाचे फर्मे कापत आणि फर्म्यावरून खरे लाकूड.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे आराखड्याला 'नक्शा' म्हणत आणि प्रमाणाला 'पैमाना'. मराठीत नकाशा म्हटले की आपल्याला भूगोलच आठवतो. पण नकाशा, नक्शा आणि नक्षी हे शब्द एकाच घरचे आहेत. आपल्या बिदरची बिदरी कला घ्या. जस्त आणि तांब्याच्या मिश्रणातून ओतलेले भांडे घासून गुळगुळीत केल्यावर कारागीर त्यावर मोरचुदाचे पाणी लावतो. त्यामुळे भांडे तात्पुरते काळसर होते आणि त्यावर टोकदार पोलादी सळईने काढलेली नक्षी स्पष्ट दिसते. त्या रेषेवरून छिन्नी चालते, त्या खाचेत चांदीची तार बसते आणि शेवटी बिदर किल्ल्यातील मातीने भांडे कायमचे काळे होते. रेषा चुकली तर छिन्नी चुकते. लंडनचा बग्गीवाला आणि बिदरचा कारागीर, दोघांचीही पहिली पायरी एकच.

चित्र कशासाठी लागते?

इंग्लंडच्या राजाची सोन्याच्या मुलाम्याची बग्गी १७६२ साली तयार झाली. तिचा आराखडा केला सर विल्यम चेंबर्स या इमारती बांधणाऱ्या वास्तुविशारदाने. कोरीव काम जोसेफ विल्टन या शिल्पकाराचे, पाट्यांवरची चित्रे चिप्रियानी या इटालियन चित्रकाराची आणि बांधणी सॅम्युएल बटलर या बग्गीवाल्याची. वजन सुमारे चार टन, लांबी सुमारे सात मीटर, ओढायला आठ घोडे. ती जेमतेम पायी चालण्याच्या वेगाने जाते. ६ मे २०२३ रोजी राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या दिवशीही ती वापरली गेली. म्हणजे दोनशे साठ वर्षांहून अधिक काळ तिची चाके फिरत आहेत.

आता विचार करा. शिल्पकार एकीकडे, चित्रकार दुसरीकडे, लोहार तिसरीकडे. तरीही सगळ्यांचे काम शेवटी एकाच गाडीवर बरोबर बसले पाहिजे. एक सुतार एकट्याने बैलगाडी बनवतो तेव्हा सगळी मापे त्याच्या डोक्यात राहू शकतात. दहा कारागीर आले की डोके पुरत नाही. मोठ्या बग्गी कारखान्यात वरचा सांगाडा करणारे वेगळे, खालची गाडी करणारे वेगळे, चाकवाले, लोहार, रंगारी, चामडे आणि गाद्यांचे काम करणारे वेगळे असत. या सगळ्यांची समान भाषा म्हणजे आराखडा.

आता "एकच बाजू का?" या प्रश्नाकडे येऊ. बाजूच्या चित्रात लांबी आणि उंची कळते, रुंदी कळत नाही. बग्गीचे अंग तर दोन्ही दिशांनी फुगीर असते: वरून खाली येताना आत वळते आणि पुढून मागे जाताना मध्ये बाहेर येते. नावेसारखे म्हणा. असा फुगीर आकार सपाट कागदावर पकडायचा तर बाजूचे, समोरचे आणि वरचे, अशी तीन दर्शने एकाखाली एक मांडून एका दर्शनातील बिंदू दुसऱ्यात उतरवावे लागतात. या रीतीला शास्त्राचे रूप दिले फ्रान्सचे गणिती गास्पार मोंज (१७४६ ते १८१८) यांनी. गिऱ्हाइकाला एक बाजू पुरते. कारागिराला तीन लागतात. पुढे आयटीआयला किंवा इंजिनिअरिंगला जाणाऱ्या आपल्या मुलांना पहिल्याच वर्षी हा विषय भेटतो आणि पुष्कळांना तो जड जातो, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांनीच आम्हाला सांगितले आहे.

वळायचे कसे?

कलबुर्गीचा शरणबसवेश्वरांचा रथोत्सव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मोठा लाकडी रथ सरळ ओढणे सोपे, वळवणे अवघड. दक्षिणेकडील अशा रथांच्या चाकांखाली लाकडी पाचरी सारून दिशा बदलतात, कारण रथाचा कणा जागच्या जागी फिरत नाही. बग्गीला गल्लीबोळांतून जायचे असते, तेथे पाचरी चालणार नाहीत. म्हणून बग्गीचा पुढचा कणा मधोमध एका खिळीवर आणि लोखंडी चकतीवर फिरता ठेवत. पण कणा फिरला की पुढचे चाक गाडीच्या अंगावर येऊन घासते. त्यावर उपाय म्हणजे पुढची चाके लहान करायची आणि गाडीचे अंग तेथे कमानीसारखे वर उचलायचे. व्हिक्टोरिया बग्गीत पुढची चाके लहान का आणि गाडीवानाचे आसन उंच का, याचे एक कारण हे. बग्गीची ती सुंदर वाटणारी वळणदार रेषा अशा अडचणीतून आलेली आहे. आणि ती अडचण सुटली कागदावर: चाक किती अंशांत फिरल्यावर अंगाला लागेल, हे कंपासने कंस काढून आधीच पाहता येत असे.

येथे एका माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे. रुडॉल्फ आकरमान यांचा जन्म १७६४ साली जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात झाला. वडील घोड्यांचे खोगीर बनवणारे. मुलाला विद्यापीठात शिकायचे होते, पण घरची परिस्थिती नव्हती, म्हणून तोही वडिलांच्याच धंद्यात शिरला. तेथे त्याचा हात चित्रकलेत चांगला आहे हे दिसून आले. तो बग्ग्यांचे आराखडे काढू लागला आणि पुढे लंडनला जाऊन नावाजलेला आराखडाकार झाला. नौसेनापती नेल्सन यांच्या १८०६ मधील अंत्ययात्रेच्या गाडीच्या आराखड्यातही त्यांचा हात होता. नंतर ते मोठे प्रकाशक झाले.

याच आकरमान यांच्या नावाने १८१८ साली लंडनमध्ये एक पेटंट नोंदले गेले. मूळ कल्पना म्युनिकचे बग्गीवाले लांकेनस्पेर्गर यांची. सबंध कणा फिरवण्याऐवजी पुढची दोन चाके आपापल्या जागी फिरवायची आणि वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा थोडे जास्त वळवायचे, अशी ती युक्ती. बग्गीवाल्यांनी ती फारशी उचलली नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोटारी आल्या, तेव्हा तीच युक्ती कामाला आली. आज आपल्या गावात येणाऱ्या जीपच्या आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांमागे तेच तत्त्व आहे आणि त्याला आकरमान यांचेच नाव आहे. विद्यापीठात जाऊ न शकलेल्या खोगीरवाल्याच्या मुलाचे नाव आज इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत शिकवले जाते. त्यांच्या हातात पुढे जाण्याचे साधन होते ते चित्रकलेचे.

कामगारांची रात्रशाळा

आम्ही शाळेचे माणूस, म्हणून पुढची हकीकत आम्हाला विशेष आवडते. १८८० साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतील बग्गी कारखानदारांच्या संघटनेने आराखडाकारांसाठी एक शाळा काढली. ती मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आश्रयाने सुरू झाली. दिवसभर कारखान्यात राबणारे कामगार संध्याकाळी येऊन भूमिती आणि रेखाटन शिकत. दूरगावच्या कामगारांना टपालाने धडे पाठवले जात. ते सोडवून परत पाठवायचे, शिक्षक तपासून पुन्हा पाठवणार. कारखानदारांनी हे दानधर्म म्हणून केले नव्हते. चांगला सुतार मिळतो, पण आराखडा वाचणारा सुतार मिळत नाही, ही त्यांची अडचण होती. पुढे बग्ग्यांचा धंदा बसला. ज्यांना फक्त बग्गीच बनवता येत होती, त्यांना ते जड गेले. ज्यांना आराखडा काढता येत होता, त्यांच्यापैकी अनेक जण मोटारींचे आराखडे काढू लागले.

आपल्या देशातही हेच दिसते. मद्रासची सिम्सन कंपनी १८४० साली खोगीर आणि बग्ग्या बनवण्यासाठी निघाली. त्याच कारखान्यात १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार तयार झाली आणि पुढे ती कंपनी ट्रॅक्टरच्या इंजिनांसाठी नावाजली. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले. कारागिरांच्या मुलांना रेखाटन, यंत्रविद्या आणि रंगविद्या शिकता यावी, तीही शक्यतो आपल्या भाषेतून, असा त्यामागे विचार होता. चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी.

बग्गी गेली तरी तिचे शब्दही राहिले. मोटारीच्या 'डॅशबोर्ड'ला हे नाव पडले, कारण बग्गीत घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल अडवायला गाडीवानापुढे तशी फळी असे. रेल्वेतील दोन जणांच्या 'कूपे'चे नाव दोन जणांच्या बंद बग्गीवरून आले. 'कॅब' हा शब्द 'कॅब्रिओले' या हलक्या घोडागाडीचा तुकडा.

घोडा कुठाय?

आता त्या मुलीचा पहिला प्रश्न. बग्गीच्या आराखड्यात बहुधा घोडा काढत नसत. दांड्या पुढे थोड्या दाखवून सोडून देत. कारण सरळ होते, कारखाना गाडी विकत असे, घोडा विकत नसे. पण कागदावर जे नसते ते हळूहळू मनातूनही जाते, हे आम्हाला येथे नोंदवावेसे वाटते.

मुंबईच्या रस्त्यांवर शंभराहून अधिक वर्षे व्हिक्टोरिया धावल्या. १९७२ च्या 'व्हिक्टोरिया नंबर २०३' या चित्रपटामुळे त्या देशभर माहीत झाल्या. शेवटी शेवटी गेटवे आणि मरीन ड्राइव्हवर पर्यटकांना मिरवणे एवढेच त्यांचे काम उरले. चांदीसारखा पत्रा आणि दिव्यांच्या माळा लावून त्या सजवल्या जात, पण घोड्यांना धड तबेले नव्हते, पायांखाली डांबर आणि सिमेंट होते. प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांनी दाद मागितली आणि जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ हौसेसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदेशीर ठरवून त्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली. गाडीवानांच्या पोटाचा प्रश्नही त्याबरोबर उभा राहिला. मार्च २०२१ मध्ये तेथे व्हिक्टोरियासारख्या दिसणाऱ्या, पण विजेवर चालणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. जुन्या चित्रातली गाडी खरोखरच घोड्याविना रस्त्यावर आली.

बग्गीचा मान अजून संपलेला नाही. २६ जानेवारी २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू चाळीस वर्षांनंतर पुन्हा बग्गीतून कर्तव्य पथावर आल्या, त्यांच्यासोबत फ्रान्सचे अध्यक्ष होते. ही बग्गी इंग्रजांच्या व्हाइसरॉयच्या काळची. पण वर्षात एखाद्या दिवशीचा समारंभ वेगळा आणि जनावराला रोज उन्हात राबवणे वेगळे. आराखडा काढताना गाडी ओढणारा, चालवणारा आणि बसणारा, तिघांचा विचार कागदावर हवा, एवढे आमच्या विद्यार्थ्यांनी यातून घ्यावे.

सुतारकाकांची काठी

येथवर दूरच्या गोष्टी सांगितल्या. आता घरची एक सांगतो. ती सांगताना आम्हाला संकोच वाटतो.

आमच्या गावात एक सुतारकाका होते. पंचक्रोशीतील बैलगाड्यांची चाके तेच करत. लग्नाच्या वरातीसाठी एका घरची जुनी बग्गी होती, तिचे मोडलेले चाकही त्यांनी नवे करून दिले होते, पाहणाऱ्याला फरक कळला नाही. त्यांच्याकडे कागद नव्हता. हातभर लांबीची एक शिसवी काठी होती आणि तिच्यावर सात खाचा. आम्ही २००८ साली त्यांना म्हटले, "काका, एकदा बसू या. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." ते हसून म्हणाले, "गुरुजी, डोक्यात हाय की सगळं. कागदाला काय करायचं?" तरी पुढे म्हणाले, "या तुम्ही सवडीनं." आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हटले, मग उन्हाळ्यात जाऊ म्हटले. परीक्षा, निकाल, प्रवेश, सभा यांतून सवड झाली नाही. २०११ साली काका वारले.

मागील वर्षी त्यांच्या नातवाने ती काठी शाळेला आणून दिली. आम्ही ती वर्गात ठेवली. सात खाचा आहेत, पण कोणती कशाची हे सांगणारे कोणी नाही. तेव्हा गणिताचे आणि चित्रकलेचे शिक्षक नववीच्या मुलांना घेऊन एका पालकांच्या शेतावर गेले. तेथे काकांनी केलेली एक गाडी गोठ्यामागे पडून होती. मुलांनी टेपने चाक मोजले आणि काठीशी ताडून पाहिले. तीन खाचा जुळल्या: एक चाकाच्या अर्ध्या व्यासाची, एक आऱ्याच्या लांबीची, एक मधल्या तुंब्याची. चार खाचा अजून कळलेल्या नाहीत. त्यांतली एखादी त्या बग्गीच्या चाकाची असावी असे आम्हाला वाटते, पण ती बग्गी केव्हाच भंगारात गेली.

लंडनच्या बग्गीवाल्याचा आराखडा दोनशे वर्षांनी कोणीही वाचू शकतो. आमच्या काकांची काठी चौदा वर्षांत मुकी झाली. काकांचे कौशल्य त्या बग्गीवाल्याहून कमी नव्हते. कमी पडलो ते आम्ही, कागद घेऊन न गेलेले गुरुजी.

हे गणितच आहे

ज्या पालकांनी चित्रकलेऐवजी गणित मागितले, त्यांनी मुलांनी त्या चाकाचे केलेले काम पाहावे. सोपे व्हावे म्हणून मापे पूर्णांकात घेतली आहेत.

चाकाचा व्यास १२० सेंटीमीटर. १ : १० प्रमाणात कागदावर १२ सेंटीमीटर. आरे १२, म्हणजे दोन आऱ्यांमधील कोन ३० अंश. घेराच्या लाकडी तुकड्यांत प्रत्येकी दोन आरे बसतात, म्हणून तुकडे सहा आणि प्रत्येकाचा कोन ६० अंश. चाकाचा परीघ सुमारे ३.७७ मीटर, म्हणून बाहेरून प्रत्येक तुकड्याची लांबी सुमारे ६३ सेंटीमीटर. एक किलोमीटरमध्ये हे चाक सुमारे २६५ वेळा फिरेल. बग्गीचे पुढचे चाक ९० सेंटीमीटरचे धरले, तर ते तेवढ्याच वाटेत सुमारे ३५४ वेळा फिरेल. मग पुढची धाव आधी का झिजते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान करतो, तापवून बसवतो आणि पाणी ओततो. ३.७७ मीटर लांबीची पट्टी ५०० अंश सेल्सियसने अधिक तापली, तर ती सुमारे सव्वादोन सेंटीमीटर वाढते. थंड होताना तेवढीच आवळते आणि सगळे आरे जागच्या जागी घट्ट धरते. भूमिती, परीघ, प्रमाण आणि उष्णतेने होणारे प्रसरण, असे चार धडे एका चाकात आहेत. नेहमी गप्प बसणारा एक मुलगा त्या दिवशी फळ्यावर आला आणि ६० अंशांचे तुकडे काढून दाखवू लागला. त्याचे वडील सुतारकाम करतात.

आमचा निर्णय आणि विनंती

तेव्हा पालकहो, नववी-दहावीचा चित्रकलेचा तास राहील. गणितासाठी आठवड्यातून दोन दिवस शाळेपूर्वी जादा वर्ग घेतला जाईल. शिक्षकांनी तशी तयारी दाखवली आहे. चित्रकलेच्या तासांपैकी पंधरवड्यातून एक तास मोजून रेखाटन करण्यासाठी असेल आणि त्याला गणिताचे शिक्षकही हजर राहतील. लोअर आणि हायर या चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांची तयारी पूर्वीप्रमाणेच चालू राहील.

विश्वस्त मंडळास विनंती आहे की, वीस रेखाटन फळ्या, टी-पट्ट्या आणि मुलांचे आराखडे ठेवण्यासाठी एक लोखंडी कपाट मंजूर करावे. मागणी मोठी नाही. पुढील बैठकीत आम्ही ती रीतसर मांडू.

विद्यार्थ्यांसाठी या सुट्टीचा उपक्रम असा. आपल्या घरी, शेतात किंवा गावात हाताने बनवलेली एक जुनी वस्तू शोधा: टांग्याचे चाक, बैलगाडी, पाळणा, तिफण, जाते, देवघर, काहीही. टेपने मोजा. १ : १० प्रमाणात बाजूचे, समोरचे आणि वरचे, अशी तीन दर्शने काढा. प्रत्येक भागाचे घरात वापरले जाणारे नाव मराठीत लिहा, कन्नड नाव माहीत असेल तर तेही लिहा. वस्तू कोणी बनवली, कोणत्या लाकडाची, कोण वापरत होते, हे घरच्या मोठ्यांना विचारून खाली नोंदवा. आणि ती बनवणारे आजोबा, काका किंवा मामा हयात असतील, तर आधी त्यांच्याकडे जा. सुट्टी लागण्याची वाट पाहू नका. आम्ही पाहिली होती.

काठीवरच्या चार खाचा कोणाला वाचता आल्या, तर शाळेत जरूर कळवावे. काठी कार्यालयात आहे. शाळेच्या वेळेत केव्हाही या, आम्ही चहा ठेवू.

आपले,
मुख्याध्यापक